एक नाव, अनेक रूपे : मानवी मास्ट पेशींचे ऊतीनिहाय भेद

अंगावर गांधी उठून खाज सुटणे, रात्री छातीत घरघर होऊन दम लागणे आणि एखादा पदार्थ खाल्ल्याबरोबर पोटात कळ येऊन जुलाब होणे, या तीन तक्रारींसाठी रुग्ण सहसा तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातो. पहिल्या तक्रारीला मराठीत आपण ‘अंगावर पित्त उठले’ असे म्हणतो आणि घरोघरी तिच्यावर आमसुलाच्या पाण्याचा उपाय केला जातो. वास्तविक यकृतात तयार होणाऱ्या पित्ताशी तिचा काहीही संबंध नसतो. या तिन्ही तक्रारी जेव्हा ॲलर्जीतून उद्भवलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या मुळाशी एकाच नावाची पेशी असते. ती म्हणजे मास्ट पेशी.

शालेय पाठ्यपुस्तकात मास्ट पेशीविषयी दोन-तीन वाक्ये आढळतात. ती संयोजी ऊतीत असते, तिच्यातून हिस्टामिन बाहेर पडते आणि त्यामुळे ॲलर्जीची लक्षणे दिसतात. परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नाला एवढे पुरते. परंतु त्वचेतील मास्ट पेशी आणि फुप्फुसातील मास्ट पेशी यांना एकच मानून चालल्याने वैद्यकशास्त्राची बरीच वर्षे दिशाभूल झाली, औषधांच्या शोधातील मोठे श्रम वाया गेले आणि आजही काही रुग्णांच्या कागदपत्रांवर ‘अमुक औषधाची ॲलर्जी’ असा चुकीचा शेरा पडतो. म्हणून या पेशीची ऊतीनिहाय रूपे समजून घेणे आवश्यक आहे.

शोधाचा इतिहास

१८७८ साली पॉल एर्लिख या तरुण जर्मन वैद्यकाने लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या पेशींचे प्रथम सविस्तर वर्णन केले. ॲनिलीन वर्गातील कृत्रिम रंगांनी ऊती रंगवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा एर्लिख यांचा ध्यास होता. काही पेशींमध्ये कणिका अगदी ठासून भरलेल्या त्यांना दिसल्या. विशेष म्हणजे निळ्या रंगाने रंगवल्यावर या कणिका निळ्या न दिसता जांभळट दिसत. पेशी भरपूर पोसल्या गेल्यामुळे अशा भरल्या असाव्यात असे वाटून त्यांनी त्यांना ‘मास्टझेलेन’ हे नाव दिले. जर्मन भाषेत ‘मास्ट’ म्हणजे जनावरांना खाऊ घालून पुष्ट करणे. जहाजाच्या डोलकाठीशी या नावाचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. एर्लिख यांना पुढे १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ यांच्यासमवेत मिळाले, ते प्रतिकारशक्तीविषयक कार्यासाठी.

कणिकांना जांभळट छटा देणारा पदार्थ हेपारिन आहे हे १९३७ च्या सुमारास स्वीडनमध्ये स्पष्ट झाले. त्याच कणिकांत हिस्टामिनही साठवलेले असते, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ साली दाखवले. १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे आयजीई या प्रतिपिंडाचा शोध लावला. त्यानंतर ॲलर्जीची साखळी पूर्ण झाली. परागकण, धुळीतील सूक्ष्म किडे, शेंगदाणे अशा एखाद्या प्रतिजनाविरुद्ध शरीर आयजीई तयार करते. हे प्रतिपिंड मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटून बसते. तोच प्रतिजन पुन्हा आला की शेजारशेजारची प्रतिपिंडे त्याच्यामुळे एकमेकांशी जोडली जातात आणि पेशी काही मिनिटांत आपल्या कणिका रिकाम्या करते. कणिकांतील हिस्टामिन आणि विकरे आधी बाहेर पडतात. त्यामागोमाग पेशीच्या आवरणातील मेदापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राईन ही द्रव्ये नव्याने तयार होतात. आणखी काही तासांनी प्रथिनरूप संदेशकांची पाळी येते. (पाठ्यपुस्तकांत हिस्टामिनच्या जोडीला सेरोटोनिनचेही नाव येते. ते उंदरांच्या बाबतीत अधिक खरे आहे. मानवी मास्ट पेशीत सेरोटोनिनचे प्रमाण अत्यल्प असते.)

आयजीईची ही यंत्रणा शरीरातील सर्व मास्ट पेशींत आहे. भेद सुरू होतात ते त्यापुढे.

उंदराकडून माणसाकडे

मास्ट पेशी सर्वत्र सारख्या नाहीत याचा ठोस पुरावा प्रथम उंदरांत मिळाला. १९६६ साली लेनार्ट एनरबॅक या स्वीडिश संशोधकाने दाखवले की, ऊती टिकवण्यासाठी नेहमीचे फॉर्मॅलिन वापरले तर उंदराच्या आतड्याच्या अस्तरातील मास्ट पेशी रंग घेत नाहीत आणि जणू अदृश्य होतात. त्वचेतील पेशी मात्र त्याच फॉर्मॅलिनमध्ये स्पष्ट दिसतात. यावरून ‘श्लेष्मल’ आणि ‘संयोजी ऊतीतील’ असे दोन प्रकार मानले गेले. हेच वर्गीकरण माणसालाही लावण्याचा मोह पुष्कळांना झाला, परंतु ते नीट बसेना. उंदरातील दोन प्रकारांत कणिकांमधील हेपारिनचा फरक महत्त्वाचा ठरतो. माणसाच्या दोन्ही प्रकारच्या पेशींत हेपारिन असतेच.

मानवी पेशींसाठी वेगळी कसोटी हवी होती. ती १९८६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲन-मारी इराणी, लॉरेन्स श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. त्यांनी कणिकांचा रंग बाजूला ठेवून त्यांच्यातील प्रथिनविघटक विकरे पाहिली. मानवी मास्ट पेशींच्या एका गटात ट्रिप्टेज हे विकर होते, परंतु कायमेज नव्हते. दुसऱ्या गटात ट्रिप्टेज आणि कायमेज ही दोन्ही होती. पुढे या दुसऱ्या गटात कार्बॉक्सिपेप्टिडेज आणि कॅथेप्सिन-जी ही विकरेही आढळली. पहिल्या गटाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टी’ आणि दुसऱ्याला ‘टीसी’ म्हणतात. येथे एक गोंधळ टाळावा. या नावातील ‘टी’ म्हणजे ट्रिप्टेज. लसीका पेशींच्या ‘टी’ प्रकाराशी या अक्षराचा संबंध नाही.

त्वचेतील जवळजवळ सर्व मास्ट पेशी टीसी प्रकारच्या असतात. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंतीत आणि लहान आतड्याच्या श्लेष्मल पटलात टी प्रकाराचे मोठे बहुमत असते. मात्र त्याच आतड्याच्या पटलाखालील थरात पुन्हा टीसी पेशी अधिक असतात. म्हणजे अवयव बदलला की प्रकार बदलतो, एवढे म्हणणे पुरेसे नाही. एकाच अवयवात काही मिलिमीटर खोल गेल्यावरही तो बदलतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टी पेशीच्या कणिकांत कागदाच्या गुंडाळीसारखी रचना दिसते, तर टीसी पेशीच्या कणिकांत खिडकीच्या गजांसारखी किंवा जाळीसारखी रचना आढळते.

हे दोन प्रकार म्हणजे केवळ प्रयोगशाळेतील रंगकाम नव्हे, हे दाखवणारा पुरावा लगेच पुढच्या वर्षी आला. जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव असलेल्या आणि एड्स झालेल्या रुग्णांच्या आतड्याचे नमुने याच गटाने १९८७ साली तपासले. अशा रुग्णांत टी-लसीका पेशी कमी किंवा निकामी असतात. त्यांच्या आतड्यातील टी प्रकारच्या मास्ट पेशी अतिशय घटलेल्या होत्या. टीसी पेशींची संख्या मात्र सर्वसाधारण होती. याचा अर्थ, श्लेष्मल पटलातील मास्ट पेशी लसीका पेशींच्या आधाराने वाढतात, तर त्वचेसारख्या ठिकाणच्या पेशी त्यांच्यावाचून टिकून राहतात. निसर्गाने घडवलेल्या या दुःखद प्रयोगाने जे सांगितले, ते निरोगी माणसांच्या ऊती कितीही तपासून कळले नसते.

घडण कोठे होते?

मास्ट पेशींचे मूळ अस्थिमज्जेत आहे, हे जपानमधील युकिहिको कितामुरा यांनी १९७७ साली उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. परंतु लाल किंवा पांढऱ्या रक्तपेशींप्रमाणे मास्ट पेशी पूर्ण तयार होऊन रक्तात फिरत नाही. रक्तात फिरते ती तिची अपक्व पूर्वज पेशी. ही पूर्वज पेशी ज्या ऊतीत शिरते, तेथेच ती प्रौढ होते आणि कित्येक महिने राहते. प्रौढ होण्यासाठी तिला ‘स्टेम सेल फॅक्टर’ हे प्रथिन लागते. ते आजूबाजूच्या पेशी पुरवतात आणि मास्ट पेशी ते ‘किट’ नावाच्या ग्राहीद्वारे स्वीकारते. या किट ग्राहीच्या जनुकात दोष उत्पन्न झाला, तर मास्ट पेशींची बेसुमार वाढ होऊन मास्टोसायटोसिस हा विकार जडतो. प्रौढ रुग्णांपैकी बहुतेकांत या जनुकातील एकच विशिष्ट बदल आढळतो आणि त्याला रोखणारी औषधे २०१७ पासून अमेरिकेत मान्यता पावली आहेत.

शेतातील बी एकच असले तरी माती, पाणी आणि हवा यांनुसार पीक वेगळे येते, तसे येथे घडते असे बराच काळ मानले गेले. हे चित्र बहुतांशी खरे असले, तरी पूर्ण नाही. उंदरांच्या काही ऊतींतील मास्ट पेशी अस्थिमज्जा कार्यरत होण्याच्या आधीच, भ्रूणावस्थेतील पीतक कोशातून येतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. त्यामुळे टी आणि टीसी ही दोन वेगळी कुळे की एकाच पेशीच्या दोन अवस्था, हा वाद अजून मिटलेला नाही.

त्वचेचे वेगळेपण

१९८८ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे मार्टिन चर्च यांच्या गटाने एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत काढलेली मानवी त्वचा, फुप्फुस, टॉन्सिल, ॲडिनॉइड आणि मोठे आतडे यांतून त्यांनी मास्ट पेशी सुट्या केल्या आणि सर्वांना एकसारखी उद्दीपके दिली. आयजीईच्या मार्गाने डिवचल्यावर सगळ्यांनीच हिस्टामिन सोडले. मॉर्फिन, चेतातंतूंतून स्रवणारे ‘सबस्टन्स पी’ आणि ‘संयुग ४८/८०’ यांना मात्र फक्त त्वचेतील पेशींनी प्रतिसाद दिला. बाकीच्या पेशी ढिम्म राहिल्या.

या फरकाचे कारण कळायला आणखी जवळजवळ तीन दशके लागली. त्वचेतील मास्ट पेशींवर ‘एमआरजीपीआरएक्स-२’ असे लांबलचक नाव असलेला एक ग्राही विपुल असतो. फुप्फुस आणि आतडे यांतील बहुतेक मास्ट पेशींवर तो नगण्य असतो. २०१५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बेंजामिन मॅकनील, शिनझोंग डाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नेहमीच्या वापरातील कितीतरी औषधे याच ग्राहीला थेट चिकटतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ती काही औषधे त्यांत आहेत. येथे आयजीईची गरज नाही, म्हणजेच पूर्वी ते औषध कधी घेतलेले असण्याचीही गरज नाही. पहिल्याच मात्रेला प्रतिक्रिया येऊ शकते. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून भराभर दिले तर चेहरा, मान आणि छाती लालबुंद होऊन खाज सुटते. तीच मात्रा तासभर किंवा अधिक वेळ घेऊन सावकाश दिली, तर बहुधा काही होत नाही. खऱ्या ॲलर्जीत औषधाचा वेग कमी करण्यावर भागत नाही. ही प्रतिक्रिया मात्र औषधाच्या रक्तातील तात्कालिक प्रमाणावर अवलंबून असते आणि तिचा मार्गही हाच ग्राही असल्याचे २०१७ साली दिसून आले.

निसर्गाने त्वचेतच हा ग्राही का ठेवला असावा? शरीर स्वतः तयार करते ती काही जंतुनाशक प्रथिने आणि काही कीटकांच्या विषातील घटक यांनाही तो ओळखतो. त्वचा ही शरीराची वेस आहे. काटा, डंख, दंश, जखम हे सारे प्रथम तिच्या वाट्याला येते. तेथील पहारेकऱ्याने प्रतिपिंडांची वाट न पाहता ताबडतोब आरोळी ठोकणे उपयोगाचेच असावे. २००६ साली स्टीफन गॅली यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, मास्ट पेशी असलेले उंदीर मधमाशीच्या आणि काही सापांच्या विषाला अधिक तोंड देऊ शकतात आणि सापांच्या विषाविरुद्ध या संरक्षणात कार्बॉक्सिपेप्टिडेज विकराचा मोठा वाटा असतो. मानवी त्वचेतील टीसी पेशींत हेच विकर असते. ॲलर्जीचा खलनायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशीची ही दुसरी बाजू आहे.

फुप्फुस आणि दम्याचे कोडे

अंगावर उठलेल्या पित्तावर सेट्रिझिनसारखे हिस्टामिनरोधक औषध चांगले लागू पडते. दम्यात त्याचा उपयोग फारसा होत नाही. दोन्हीकडे मास्ट पेशीच फुटत असतील तर असे का व्हावे? याच्या उत्तराचा मोठा भाग ऊतीभेदात आहे. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिनखेरीज मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन डी-२ तयार करते. ल्यूकोट्राईन ती फारच थोडे बनवते. फुप्फुसातील पेशी प्रोस्टाग्लँडिनबरोबर ल्यूकोट्राईन सी-४ भरपूर प्रमाणात तयार करते आणि श्वासनलिकेचे स्नायू आवळण्यात हे द्रव्य हिस्टामिनपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे. १९७९ साली बेंग्ट सॅम्युएलसन यांनी ल्यूकोट्राईनची ओळख पटवली. त्यानंतर त्यांना रोखणारी मॉन्टेलुकास्टसारखी औषधे दम्याच्या उपचारात आली. त्वचेच्या ॲलर्जीत त्यांचे स्थान दुय्यमच राहिले.

फुप्फुसातही पेशी नेमकी कोठे बसली आहे, याला महत्त्व आहे. २००२ साली लेस्टर येथील ब्राइटलिंग आणि सहकाऱ्यांनी दमेकरी आणि दीर्घ खोकल्याच्या एका विकाराचे रुग्ण यांच्या श्वासनलिकांची तुलना केली. दोन्ही गटांत सूज सारखीच होती. फरक एवढाच होता की, दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या अनैच्छिक स्नायूंतच मास्ट पेशी शिरलेल्या होत्या. खोकल्याच्या रुग्णांत तसे नव्हते आणि त्यांच्या नलिका दम्यासारख्या आवळतही नव्हत्या. स्नायूत शिरलेल्या या पेशी प्रामुख्याने टीसी प्रकारच्या असतात. म्हणजे निरोगी फुप्फुसात अल्पसंख्य असलेला प्रकार रोगाच्या ठिकाणी पुढे सरसावतो.

फुप्फुसाच्या संदर्भात सोडियम क्रोमोग्लायकेटची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रॉजर आल्टुन्यान हे इंग्लंडमधील औषध प्रयोगशाळेत काम करणारे वैद्यक स्वतः दमेकरी होते. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एका औषधी वनस्पतीतील खेलीन या द्रव्यापासून रसायनतज्ज्ञ नवनवी संयुगे तयार करीत होते. आल्टुन्यान यांना गिनीपिगची ॲलर्जी होती. ते गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून स्वतःला दम लावून घेत आणि त्याआधी घेतलेल्या संयुगाने तो टळतो का हे पाहत. १९६५ साली क्रोमोग्लायकेट हाती आले ते असे, माणसाच्या फुप्फुसावरील प्रयोगातून. ते मास्ट पेशींना फुटू देत नाही असे आढळल्यावर अनेक कंपन्यांनी तशाच, पण अधिक प्रभावी औषधांचा शोध सुरू केला. त्यासाठी सोयीची चाचणी निवडली गेली ती उंदराच्या मास्ट पेशींची. उंदरांत अनेक संयुगे क्रोमोग्लायकेटहून सरस ठरली आणि रुग्णांमध्ये बहुतेक सर्व निष्फळ ठरली. पुढे साउथॅम्प्टनच्या गटाने तपासले तेव्हा कारण उघड झाले. क्रोमोग्लायकेट उंदराच्या उदरपोकळीतील मास्ट पेशींना जोरकसपणे रोखते, मानवी फुप्फुसातील पेशींना काहीसे रोखते आणि मानवी त्वचेतील पेशींवर त्याचा परिणाम होत नाही. नको त्या प्राण्याच्या, नको त्या ऊतीतील पेशी कसोटी म्हणून वापरल्या गेल्या होत्या.

आतडे, हृदय आणि डोळे

आतड्याच्या पटलातील टी पेशींचे मूळ काम बहुधा कृमींशी झुंजण्याचे असावे. उंदरांत आतड्यातील मास्ट पेशींचे एक विशिष्ट विकर नाहीसे केले, तर ट्रिकिनेला जातीचे कृमी बाहेर टाकायला विलंब लागतो. ज्या देशाला २०१५ पासून राष्ट्रीय कृमिमुक्ती दिन पाळून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडॅझोल द्यावे लागते, त्या देशात आतड्यातील मास्ट पेशींचा अभ्यास दुर्लक्षित राहावा हे बरे नव्हे.

अन्नाच्या ॲलर्जीतील एक निरीक्षण परीक्षार्थींपेक्षा भावी डॉक्टरांना अधिक उपयोगी आहे. मधमाशीच्या दंशाने किंवा इंजेक्शनने रुग्णाला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे रक्तदाब कोसळवणारी सर्वांगीण ॲलर्जी झाली, तर रक्तातील ट्रिप्टेज बहुधा वाढते. एक-दोन तासांत ते शिखराला पोहोचते आणि दिवसभरात पूर्वपदावर येते. अन्नातून झालेल्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये मात्र ते पुष्कळदा वाढलेले दिसत नाही. टी पेशीत ट्रिप्टेजचा साठा त्वचेतील टीसी पेशीच्या तुलनेत बराच कमी असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणून शेंगदाणे किंवा कोळंबी खाऊन अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचे ट्रिप्टेज सर्वसाधारण आले, एवढ्यावरून ॲनाफिलॅक्सिस नव्हता असे म्हणता येत नाही. उपचारही अहवालासाठी थांबत नाहीत. मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिन देणे हा पहिला उपाय आहे.

हृदयातील मास्ट पेशींकडे लक्ष वेधले गेले ते कायमेजमुळे. अँजिओटेन्सिन-१ चे अँजिओटेन्सिन-२ मध्ये रूपांतर करणारे एक विकर मानवी हृदयात सापडले आणि ते कायमेज असल्याचे १९९० साली स्पष्ट झाले. रक्तदाबावर दिली जाणारी एनालाप्रिलसारखी औषधे या मार्गाला रोखत नाहीत. जिवंत शरीरात त्याचा वाटा नेमका किती, याविषयी मतभेद आहेत. ॲलर्जीच्या झटक्यात हृदयाच्या रोहिण्या आवळल्या जाऊन छातीत कळ येते, त्या अवस्थेचे वर्णन १९९१ साली ग्रीसमधील कूनिस आणि झाव्रास यांनी केले.

डोळ्यांच्या नेत्रश्लेष्म पटलातील मास्ट पेशी त्वचेप्रमाणे बहुतांशी टीसी प्रकारच्या असतात. तरीही डोळ्यांच्या ॲलर्जीत क्रोमोग्लायकेटचे थेंब उपयोगी पडतात. या औषधाचा परिणाम केवळ मास्ट पेशींपुरता मर्यादित नाही हे लक्षात घेतले, तरी टी की टीसी एवढे कळल्याने पेशीचे सारे वर्तन सांगता येत नाही, हे यातून दिसते. गेल्या दशकात एकेका पेशीतील कार्यरत जनुके वाचण्याचे तंत्र हाती आल्यापासून तर दोनच कप्पे अपुरे पडू लागले आहेत. नाकातील मांसवृद्धीत टी आणि टीसी यांच्या मधल्या पायरीवरच्या पेशीही आढळल्या आहेत. परीक्षेत दोन प्रकार लिहावेत, परंतु ते एका सलग पट्ट्याच्या दोन टोकांसारखे आहेत अशी जाण ठेवावी.

त्वचेवरील चाचणी आणि औषधांची ॲलर्जी

दम्याच्या किंवा सर्दीच्या रुग्णाची ॲलर्जी शोधण्यासाठी हातावर निरनिराळ्या प्रतिजनांचे थेंब ठेवून सुईने टोचतात आणि १५-२० मिनिटांनी गांध मोजतात. येथे त्वचेला फुप्फुसाची प्रतिनिधी मानले जाते. परागकण किंवा धुळीतील किडे यांच्या बाबतीत हे चालते, कारण आयजीईची यंत्रणा दोन्हीकडे सारखी आहे. पण औषधाची चाचणी त्वचेत करताना त्वचेचा तो खास ग्राही आड येतो. मॉर्फिन, कोडीन, फ्लुरोक्विनोलोन किंवा व्हॅन्कोमायसिन पुरेशा तीव्रतेने त्वचेत टोचले, तर ॲलर्जी मुळीच नसलेल्या माणसालाही गांध उठते. ही गांध खोटी नसते. पेशी खरोखरच फुटलेल्या असतात. परंतु तिच्यावरून रुग्णाच्या शरीरात त्या औषधाविरुद्ध आयजीई आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या देशात अनेक ठिकाणी इंजेक्शन देण्याआधी थोडे औषध त्वचेत टोचून पाहण्याचा प्रघात आहे. सर्पदंशावरील प्रतिविषाच्या बाबतीत भारताच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेने अशी चाचणी करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. प्रतिविषाच्या तात्काळ प्रतिक्रियांपैकी बहुतेक आयजीईमुळे होत नाहीत, त्यामुळे चाचणीतून त्यांचे भाकीत होत नाही आणि दरम्यान मोलाचा वेळ जातो. प्रतिविष देताना ॲड्रिनॅलिन हाताशी तयार ठेवणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

क्षयरोगाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन औषधे अत्यंत महत्त्वाची असून, २०२४ साली केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमातही मॉक्सिफ्लॉक्सासिनचा समावेश आहे. अशा रुग्णाला केवळ त्वचेवरील गांधीच्या आधारे ‘ॲलर्जी’चा शिक्का बसला, तर मोजक्या उरलेल्या औषधांतील एक हातचे जाते. याउलट फ्लुरोक्विनोलोनमुळे आयजीईच्या मार्गाने होणारी खरी आणि जीवघेणी ॲलर्जीही अस्तित्वात आहे, त्यामुळे शिक्का सरसकट पुसूनही चालत नाही. आधीची प्रतिक्रिया नेमकी कशी होती, औषध घेतल्यावर किती वेळाने आली, केवळ त्वचेपुरती राहिली की श्वास आणि रक्तदाबापर्यंत पोहोचली, हे तपशील नोंदवून आणि आवश्यक तेथे रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने औषध देऊन निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या सोयी आज मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच आहेत.